आणखी दहा सिटिंग घेण्याआधी डोस विचारा (कोपराचं दुखणं, लेझर)

चोपड्याचे दादा, तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या कोपराला लेझरच्या दहा सिटिंग झाल्या, फरक काडीचा नाही, आणि सेंटरवाले आणखी दहा घ्या म्हणतात. वाचून माझंच कोपर ठणकलं. तीन वर्षांपूर्वी मी याच जागी होतो. रावेरकडे आमची केळी आहे. केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं कापून कापून कोपराच्या बाहेरच्या हाडाशी असं धरलं की चहाचा कप दोन हातांनी उचलायचो. टेनिस एल्बो निघालं. टेनिस आमच्या सात पिढ्यांत कोणी खेळलं नाही.

डॉक्टर, एक्स-रे तुमचं झालंच असणार, ते सोडतो.

माझं नुकसान एकाच गोष्टीनं झालं. पंधरा सिटिंगचं पॅकेज एकरकमी भरलं आणि डोस किती देताय हे एकदाही विचारलं नाही. सेंटरचं नाव घेत नाही. तिथला पोरगा मोबाईलवर बोलत बोलत, फुल बाहीच्या शर्टावरून, अगरबत्ती ओवाळावी तसा प्रोब (मशीनचा लेझर सोडणारा दांडा) फिरवायचा. बाही वर करू का विचारलं तर, "काका, लाइट आरपार जाते." नाही जात! बराचसा प्रकाश कापडातच अडतो. प्रोब उघड्या कातडीला टेकवून, जरा दाबून, दुखऱ्या बिंदूवर स्थिर धरायचा असतो. आणि तो लाल ठिपका बघून भुलू नका. ८०८ किंवा ९०४ नॅनोमीटरचा (हे प्रकाशाच्या लहरीचं माप) खरा लेझर डोळ्याला दिसतच नाही, लाल दिवा फक्त नेम धरायला. न दिसणारा म्हणूनच जास्त धोक्याचा, डोळे वाचवणारा लेझरचा चष्मा पेशंटलाही हवा.

पुढे दुसऱ्या फिजिओ ताईंनी पहिलाच प्रश्न केला, "किती ज्यूल दिले?" ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप, डोस त्यातच मोजतात. मी सेंटरला परत. "रेकॉर्ड सिस्टीममध्ये नाही, मॅडम सोमवारी येतील." असे तीन सोमवार, ऐन कापणीत. शेवटी हातात कागद पडला: "लेझर – १५", खाली शिक्का. बस.

हिशोब खताच्या गोणीपेक्षा सोपा आहे. १०० मिलीवॉट गुणिले ४० सेकंद म्हणजे ४ ज्यूल. फक्त ९०४ च्या मशीनवर वॉटचा मोठा आकडा असतो तो क्षणभराच्या एका झटक्याचा, हिशोबाला सरासरी पॉवर धरायची. कमी डोसानं काही होत नाही आणि फार दिला तर गुण उलटा कमी होतो, त्यामुळे "जास्त वेळ मारा" असंही सांगू नका.

ही थेरपी थोतांड आहे असं माझं म्हणणं नाही. हंगेरीच्या मेस्टर डॉक्टरांनी १९६७ च्या सुमारास उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर लेझर टाकला तर केस लवकर उगवले, तिथून हे सुरू झालं. कॅन्सरच्या रेडिएशननं तोंड येतं त्यावर तर तो आज मान्य उपाय आहे. पण कोपराला त्यानं दुखणं उतरतं, स्नायूबंधाला ताकद व्यायामानंच येते, हे माझं ठाम मत. मला ताईंनी अर्धी भरलेली पाण्याची बाटली दिली होती. तळवा खाली, मनगट दुसऱ्या हातानं वर न्यायचं, मग हळूहळू सोडायचं. त्या काळात कोयता बंद. मी दुखणं जरा उतरलं की बागेत पळायचो, तेव्हा घरून ऐकलंय, "लोटा उचलता येत नाही, कोयता बरा उचलता येतो!"

मी शेतकरी आहे, डॉक्टर नाही, शेवटचं त्यांनाच विचारा. गाठीचा, कॅन्सरचा संशय असेल त्या जागी लेझर नकोच, गरोदर बाईच्या पोटावरही नको. ऑनलाइन मिळणारी लाल दिव्यांची पट्टी घेऊ नका असं मी म्हणेन, आमची माळ्यावर पडून आहे.

पुढच्या वेळी मशीनच्या स्क्रीनचा फोटो काढा, नॅनोमीटर, पॉवर, सेकंद तिन्ही दिसतील असा, आणि इथे टाका. वडिलांना अर्ध्या बाहीचा शर्ट घालून न्या.