एफ-वनमध्ये ट्रॅक सोडल्याची पेनल्टी प्रत्येक वेळी वेगळी का असते?

तुम्ही विचारलंय की एकाच चुकीला एकाच्या वेळेत पाच सेकंद वाढवतात आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं कसं. ट्रॅकच्या कडेची पांढरी रेषा सगळ्यांना एकच, पण फायदा झाला का आणि परत येताना धोका झाला का हे माणसं ठरवतात, आणि स्टुअर्ड्सचं, म्हणजे रेसच्या पंचांचं, पॅनल रेसगणिक बदलतं. २०१६ ची मेक्सिकोची रेस बघा, स्टार्टलाच ड्रायव्हर हॅमिल्टन पहिल्या कॉर्नरला गवतातून सरळ गेला, लीड तशीच राहिली, काही नाही. शेवटी शेवटी व्हेटेलच्या पुढे असताना व्हर्स्टापेनने तोच कॉर्नर कापला तर पाच सेकंद, आणि पोडियमच्या आधीच्या खोलीतून बिचाऱ्याला बाहेर काढलं. हा अन्यायच होता.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती २०१९ ची कॅनडातल्या मॉन्ट्रियलची रेस. मी आणि मावसभाऊ रात्री एक वाजेपर्यंत जागून बघत होतो, ४८ व्या लॅपला व्हेटेल गवतात गेला, परत आला तेव्हा हॅमिल्टनला भिंतीकडे जागा उरली नाही, पाच सेकंद, पहिला येऊनही दुसरा. मी ओरडलो की गवतातून आलेली गाडी वळणार कुठे, तर हा म्हणतो, लिफ्ट करायचं ना, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, तू तरी कुठे केलंस.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही दोघं एका हौशी कार्टिंग रेसमध्ये होतो. मी तिसरा होतो, शेवटून तिसऱ्या लॅपला मागच्याने ठोकलं, दोन चाकं ओल्या गवतात, कशीबशी कार्ट ट्रॅकवर आणली तर त्या मागच्याला ब्रेक मारावा लागला, आणि मार्शलने पाच सेकंद मलाच लावले! ठोकणाऱ्याला काही नाही, पुढच्याच लॅपला एकाने तिथलीच शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) सरळ कापली त्यालाही काही नाही, विचारायला गेलो तर म्हणे दिसलं नाही. मी सहावा आणि तिसऱ्याचा कप मावसभावाला.

माझं मत विचाराल तर रेषेबाहेर खडी टाका. ऑस्ट्रियात २०२३ ला रेषा ओलांडल्याच्या बाराशेच्या वर नोंदी झाल्या, रेस संपून कित्येक तासांनी आठ जणांना पेनल्ट्या लागल्या, पुढच्या वर्षी नऊ-दहा नंबरच्या कॉर्नरला खडीचा पट्टा टाकला आणि कटकट जवळजवळ संपली. बाहेर गेलात की वेळ तिथेच जातो, कोणाला विचारायला नको. हां, परत येतानाच्या धोक्याला खडीचा उपयोग नाही, तिथे माणूसच लागणार, आणि व्हेटेलची चूक त्याची स्वतःची होती, त्याला कोणी ठोकलं नव्हतं, हेही खरं.

पण मला ठोकलं होतं. तुम्ही कार्टिंग करत असाल तर ओल्या गवतात दोन चाकं असताना एकदम लिफ्ट करून बघा, मागची बाजू लगेच फिरते. मावसभावाला हे अजून मान्य नाही.