खाज थांबते, गजकर्ण नाही

प्रश्न : डॉक्टरताई, माझे मिस्टर एमआयडीसीत लूमवर आहेत. उन्हाळ्यापासून त्यांच्या कंबरेला आणि जांघेत गोल, लाल कडांचे चट्टे उठलेत. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत आराम पडतो, सोडली की दुप्पट येतं. आता मुलीच्या दंडावरही रुपयाएवढा चट्टा दिसतोय. सासूबाई लसूण चोळायला सांगतात. घरच्या घरी काय करावं?
– एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : ताई, लसूण फोडणीतच बरा. जांघेतली कातडी नाजूक, कच्च्या लसणाने ती भाजते.

वर्णनावरून हे गजकर्ण वाटतं, म्हणजे बुरशी. माझा खरा राग त्या ट्यूबवर आहे. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही दिसलं तर ते स्टिरॉइड. त्याने खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आत निवांत पसरते. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होऊन जांघेत कायमच्या रेघा उमटतात. 2018 पासून अशी क्रीम चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी गोळ्या-बिस्किटांसारखी मिळतात.

ट्यूब बंद केली की सुरुवातीला खाज भडकेल. तेव्हा तीच पुन्हा लावू नका. मिस्टरांना त्वचारोगतज्ज्ञाकडे न्याच, सिव्हिलला दाखवलं तरी चालेल. त्यांना बहुधा पोटातून गोळ्या लागतील. रक्तातली साखरही तपासून घ्या. खाजेसाठी सेट्रिझिन दिली तर ती रात्रीच घ्यायची. झोप येते, आणि चालू मागापुढे पेंगणं परवडणारं नाही.

मुलीचा एकच नवा चट्टा घरी बरा होण्यासारखा आहे. साधं क्लोट्रिमॅझोल क्रीम, स्टिरॉइड नसलेलं, सकाळ-संध्याकाळ लावा. चट्ट्यावरच नाही, कडेबाहेर दोन बोटं जागेवरही. चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे लावायचं. इथेच सगळे कंटाळतात. तरीही महिनाभरात गेला नाही, किंवा डोक्यात, चेहऱ्यावर आला, तर दाखवायला आणा.

आता टॉवेल. आपल्या गावाचा जाड टॉवेल जगात नाव कमावून आहे, पण तो लवकर वाळत नाही आणि घरात एकच चौघांत फिरतो. प्रत्येकाला वेगळा पातळ पंचा द्या. पाणी काही दिवसांआड येतं म्हणून घामाचे कपडे ढिगात साठतात, ते मला ठाऊक आहे. निदान मिस्टरांचे अंतर्वस्त्र आणि पंचा रोज बादलीभर पाण्यात वेगळे धुवा, उलटे करून कडक उन्हात वाळवा. ऊन आपल्याकडे फुकट आहे! कामावरून आल्यावर अंघोळ, जांघ कोरडी टिपायची, सैल सुती चड्डी. करदोडा काढून ठेवता आला तर फार बरं, त्याच्याखाली ओल राहते.

कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ केली तर माझी हरकत नाही, पण तेवढ्याने बुरशी जाणार नाही. आणि खाज रात्रीच वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती खरूज. तिचं औषध वेगळं, आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं.