नॅरोबोट घ्यायची म्हणतोयस तर आधी तळ बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. इंग्लंडात मिल्टन कीन्सला नोकरी लागलीय, स्किल्ड वर्कर व्हिसा आलाय, बायको तीन महिन्यांनी येणार, तिथली भाडी ऐकून पोटात गोळा आला आणि पन्नासेक हजार पाउंडात जुनी नॅरोबोट, म्हणजे कॅनॉलवरची लांब अरुंद बोट, मिळत असेल तर भाडं घालवण्यापेक्षा ती घेऊन कॅनॉलवरच का राहू नये, असं तुझं म्हणणं. मला ताई म्हणालास म्हणून अरेतुरेच करते. आम्ही दोघं सांगलीचे, 2014 ला इकडे आलो आणि 2019 पासून ग्रँड युनियन कॅनॉलवर 57 फुटी बोटीत राहतोय, तू येणार त्याच भागात. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

माझं उत्तर असं की घे, पण पहिल्या वर्षी घेऊ नकोस, आणि घेशील तेव्हा आतलं किचन, लाकूडकाम, पडदे बघायच्या आधी पाण्याखालचं लोखंड बघ. बाकी सगळं नंतर बदलता येतं.

पहिल्या वर्षी का नको ते आधी. तुझी अडचण बोटीपेक्षा पत्त्याची आहे. तुझ्या कंपनीला, म्हणजे स्पॉन्सरला, तुझा चालू पत्ता माहीत असावा लागतो, व्हिसाच्या ऑनलाइन खात्यातही तो बदलला की कळवायचा असतो, बँक, पगार, गाडीचा इन्शुरन्स सगळे पोस्टकोड विचारतात. कॅनॉलवर राहायचे दोन प्रकार. एक म्हणजे होम मुअरिंग, मरीनात (बोटी लावायच्या धक्क्यात) किंवा काठावर तुझी ठरलेली जागा. पण बहुतेक मरीनांतली जागा लेजर मुअरिंग असते, तिथे बोट ठेवायची परवानगी असते, कायम राहायची नसते, आणि रेसिडेन्शियल मुअरिंग थोडी आहेत नि त्यांना रांग असते. रेसिडेन्शियल मिळाली तर पत्ता मिळतो, काउन्सिल टॅक्स लागतो, तो बहुतेक सगळ्यात खालच्या ए बँडचा. दुसरा प्रकार कंटिन्युअस क्रूझर, म्हणजे कायमची जागाच नाही, फिरत राहायचं. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यात लिहिलंय की अशी बोट एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबू शकत नाही, आणि बोटीच्या लायसन्सच्या पूर्ण काळात ती खरोखर प्रवासासाठी वापरलेली दिसली पाहिजे. मैल-दोन मैल मागे-पुढे करून त्याच दोन पुलांमध्ये वर्ष काढायचं हे चालत नाही, कॅनॉल सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टची माणसं बोटींचे नंबर नोंदवत फिरतात आणि लायसन्स पुढे मिळायला अडचण येते.

दवाखान्याचं मात्र टेन्शन घेऊ नको, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, हे बोटीवरच्या बऱ्याच लोकांनाही माहीत नसतं.

आम्ही दोघांनी आधी दीड वर्ष कंटिन्युअस क्रूझिंग केलं. ते जमलं कारण लंडन युस्टनची रेल्वेलाइन आणि ग्रँड युनियन हेमेल, बर्कहॅमस्टेड, ट्रिंग, लेटन बझर्ड, मिल्टन कीन्स असं बरंच अंतर हातात हात घालून जातात, त्यामुळे बोट कुठेही असली तरी स्टेशन सायकलच्या टप्प्यात. पण शनिवारी बोट हलवायची आणि रविवारी गाडी मागच्या गावातून आणायची असं दर दुसऱ्या आठवड्याला, पावसातसुद्धा. आता मरीनात रेसिडेन्शियल जागा आहे, तिला वर्षाला साडेतीन हजार पाउंड जातात आणि लायसन्सचे चौदाशेच्या आसपास वेगळे. क्रूझर असशील तर 2024 च्या एप्रिलपासून लायसन्सवर जादा आकार लागतो आणि तो दर वर्षी वाढतोय. शिवाय बोटीवर घरासारखं होमलोन मिळत नाही, मरीन लोन मिळालं तरी महाग नि कमी मुदतीचं, आणि इथे तुझी क्रेडिट हिस्टरी अजून कोरी आहे.

आता लोखंडाकडे येते. आपल्याकडे कालवा म्हटलं की शेताकडे जाणारं वाहतं पाणी डोळ्यासमोर येतं. इथलं पाणी जवळजवळ उभं असतं आणि तुझं घर त्यात वर्षानुवर्षं बुडून असतं. नवीन नॅरोबोटीचं स्टील साधारण 10, 6, 4 असं सांगतात, म्हणजे तळाची प्लेट 10 मिलिमीटर, बाजू 6, वरची केबिन 4. पंचवीस वर्षांत यातलं किती उरलंय हे फोटोत दिसत नाही. त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढून हल सर्व्हे, म्हणजे बोटीच्या सांगाड्याची तपासणी, करावा लागतो, सर्व्हेअर हातोडीने ठोकत जातो आणि अल्ट्रासाउंडच्या यंत्राने जागोजागी जाडी मोजून आकडे लिहून देतो. आम्ही पहिली जी बोट पसंत केली होती तिच्यात सुंदर ओकचं काम, नवा फ्रिज, पितळी दिवे, माझा जीव तिच्यावर बसला होता. विकणारा म्हणाला सर्व्हे कशाला, मागच्याच वर्षी रंगवलीय. नवऱ्याने हट्ट धरला म्हणून सर्व्हे केला आणि पाण्याच्या रेषेजवळ काही ठिकाणी जाडी 3.6 भरली. बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या 4 च्या खाली गेलं की पूर्ण विमा देत नाहीत, मग ओव्हरप्लेटिंग, म्हणजे बाहेरून नवीन पत्रा वेल्ड करायचा, त्याचे हजारो पाउंड. सर्व्हे आणि क्रेनचे मिळून आठशे गेले, बोट सोडली, मी दोन दिवस रडले. त्या आठशेंनी आमची सगळी शिल्लक वाचवली हे मी आजही मानते. तेव्हा विकणाऱ्याच्या ओळखीचा सर्व्हेअर घेऊ नकोस, आपला आपण शोध.

घेतल्यावरही लोखंडाची काळजी संपत नाही. दर दोन-तीन वर्षांनी ब्लॅकिंग करायचं, म्हणजे बोट बाहेर काढून प्रेशर वॉशरने धुवून पाण्याखालच्या भागाला बिट्युमेनचे, म्हणजे डांबराचे, हात द्यायचे. त्याच वेळी अ‍ॅनोड बघायचे, ते मॅग्नेशियमचे गट्टे हलला वेल्ड केलेले असतात, स्टीलच्या ऐवजी ते झिजतात. मरीनात शोअर पॉवर, म्हणजे काठावरची वीज, लावून बसशील तर मधे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचं यंत्र बसवच, शेजारच्या बोटींशी अर्थच्या तारेतून संबंध येतो आणि आपले अ‍ॅनोड भराभर जातात. गेल्या वेळी ब्लॅकिंग, अ‍ॅनोड धरून आम्हाला नऊशे पडले, हात आम्हीच मारले तरी.

इंजिनाचं फार लिहीत नाही, डिझेल इंजिन आहे, ऑइल, फिल्टर, बेल्ट वेळेवर बदललं की चालतं. बोटींना रेड डिझेल, म्हणजे कमी कराचं लाल रंगाचं डिझेल, अजून मिळतं, फक्त बोट चालवायला जेवढं वापरतोस त्यावर पूर्ण ड्यूटी, म्हणून पंपावर विचारतात किती टक्के चालवायला आणि किती हीटिंगला. दिवस संपला की स्टर्न ग्लँडच्या ग्रीसरला एक-दोन पीळ द्यायचे, प्रोपेलरचा दांडा हलमधून बाहेर जातो तिथून पाणी ठिबकू नये म्हणून.

आणि वीड हॅच. प्रोपेलरच्या वर इंजिनरूममध्ये एक झाकण असतं, ते उघडून हात खाली घालून प्रोपेलरला गुंडाळलेलं काढायचं. इंजिन बंद, चावी खिशात, त्याशिवाय हात घालायचा नाही. झाकण परत नीट बसलं नाही आणि इंजिन सुरू केलं तर प्रोपेलर पाणी सरळ आत फेकतो आणि बोट बुडू शकते, अशा बुडाल्यात. आमच्या प्रोपेलरमधून प्लास्टिक, तार, गादीचं कापड निघालंय, आणि एकदा लंडनमधल्या साउथॉलच्या बाजूला अर्धा तास कापत बसल्यावर आख्खी जरीची साडी निघाली, पुढे दोन नारळ तरंगत होते. कुणीतरी मनोभावे सोडलं असणार, पण वाहत्या नदीत सोडलेलं निदान पुढे जातं, इथे ते तिथेच राहतं. तुमच्या ओळखीत कुणी कॅनॉलमध्ये निर्माल्य सोडत असेल तर कृपा करून सांग.

लॉकचं नीट शिकून घे. बोट चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही (ते बोटीला लागतं) म्हणून कुणीही बोट चालवू शकतो, वेग ताशी 4 मैल, त्यामुळे लोकांना धोका वाटत नाही. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली पेटी, विंडलास नावाच्या हँडलने पॅडल, म्हणजे पाण्याच्या झडपा, उचलून पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट वर किंवा खाली. खाली जाताना वरच्या दरवाज्याजवळ पाण्याखाली एक दगडी ओटा असतो, त्याला सिल म्हणतात, काठावर त्याची पांढरी रेघ असते. बोटीची शेपटी त्या रेघेच्या मागे राहिली तर पाणी उतरताना मागचा भाग ओट्यावर अडकतो, पुढचा खाली जातो आणि काही क्षणांत बोट पाणी घेते. टिलर (सुकाणूचा दांडा) धरणाऱ्याने तिथून नजर हलवायची नाही, आणि वर पॅडलपाशी असणाऱ्याने फोन खिशात ठेवायचा. मिल्टन कीन्समध्ये तुला लॉक जवळजवळ लागणारच नाहीत, फेनी स्ट्रॅटफर्डचं एक लॉक तर फक्त फूटभर उतरतं, सरावाला चांगलं. मग उत्तरेला कॉसग्रोव्हचा 1811 चा लोखंडी जलसेतू ओलांडून, खाली ग्रेट औस नदी आणि वर आपली बोट, स्टोक ब्रूर्नची सात लॉक कर. पहिल्यांदा तो सेतू ओलांडताना एका बाजूला कठडाच नाही हे लक्षात आलं आणि मी खालीच बसले.

बोट घेताना 57 फुटांच्या आतली घे, 70 फुटी स्वस्त दिसली तरी उत्तरेच्या काही कॅनॉलची लॉक आखूड आहेत. रुंदीला 6 फूट 10 इंच, कारण जुनी अरुंद लॉक 7 फुटांची. वाइडबीम, म्हणजे जास्त रुंद बोट, मोठी वाटेल, ग्रँड युनियनवर चालते, पण मिडलँड्सच्या अरुंद कॅनॉलवर शिरत नाही.

आता रोजचं. बायकोला हा भाग आवर्जून वाचायला दे, कारण निर्णय दोघांचा आहे. पाण्याची टाकी आमची 500 लिटरची, दोघांना जपून आठ-दहा दिवस. टॉयलेट कॅसेटचं असेल तर 20 लिटरची पेटी भरली की एल्सन पॉइंटला, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, नेऊन रिकामी करायची, आणि आपल्याला पाण्याने धुवायची सवय, त्यामुळे ती इतरांच्या दुप्पट वेगाने भरते. आम्ही तीन कॅसेट ठेवल्या. वीज बॅटरीची. उन्हाळ्यात सोलरवर फ्रिज, लॅपटॉप आरामात, डिसेंबरात सोलर जवळजवळ शून्य, मग इंजिन चालवायचं, तेही काठावर थांबलेलं असताना सकाळी 8 ते रात्री 8 च्या मध्येच. मिक्सरला सुरुवातीला मोठा झटका लागतो, म्हणून प्युअर साइनवेव्ह इन्व्हर्टर निदान 2000 वॉटचा घे, नाहीतर चटणी पाट्यावर. जुन्या लेड बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवल्या की लवकर मरतात, आमचा पहिला संच एका हिवाळ्यात गेला कारण आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या स्वयंपाकाची वाफ हा मोठा विषय. सात फुटांच्या लोखंडी डब्यात कुकरच्या चार शिट्ट्या म्हणजे खिडक्यांवरून ओघळ आणि गादीखाली बुरशी. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाल, छतावरचे मशरूम व्हेंट (हवेची भोकं) कधीही बोळे घालून बंद करू नकोस कितीही थंडी असली तरी. स्टोव्हमध्ये स्मोकलेस कोळसा जळतो, कडक थंडीत आम्हाला आठवड्याला दोन पोती, आणि रात्री तो मंद ठेवतात तेव्हाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका. सीओ अलार्म 2019 पासून बोट सेफ्टी स्कीमच्या तपासणीत सक्तीचा आहे, ती तपासणी दर 4 वर्षांनी, तिच्याशिवाय लायसन्स नाही. मी एक झोपायच्या जागी, एक स्टोव्हजवळ असे दोन ठेवलेत.

नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीसाठी ठिकठिकाणी लॉक बंद असतात, ती यादी आधी बघून कुठे अडकायचं ते ठरवायचं. कॅनॉल गोठला तर बर्फ फोडत बोट नेऊ नकोस, पाण्याच्या रेषेवरचं ब्लॅकिंग खरवडून निघतं आणि शेजारच्यांचंही. उन्हाळाही भरवशाचा नाही, 2025 मध्ये धरणांत पाणी नव्हतं म्हणून लीड्स आणि लिव्हरपूल कॅनॉलचा मोठा भाग बंद होता. प्रत्येक लॉकला वरचं पाणी खाली जातं, ते कुठूनतरी यावं लागतं, दुष्काळातून आलेल्या माणसाला हे समजावायला नको.

एवढं सगळं असून आम्ही इथे आहोत कारण सकाळी सहाला चहा घेऊन मागच्या डेकवर उभी राहिले की पाण्यावर धुकं असतं, खंड्या समोरून निळा चमकून जातो, आणि दिवाळीत छतावर कंदील लावला की टोपाथवरून (काठच्या पायवाटेवरून) जाणारे अनोळखी लोक थांबून विचारतात. फ्लॅटमध्ये चार वर्षांत वरच्या मजल्यावरच्याचं नाव कळलं नव्हतं. इथे माझा विंडलास पाण्यात पडला तेव्हा तीन बोटींतून तीन माणसं लोहचुंबक घेऊन आली.

तू असं कर. आल्यावर एक वर्ष भाड्याने रहा, स्टेशनजवळ नसलं तरी चालेल. मार्चमध्ये हायर बोटींचा, म्हणजे भाड्याच्या बोटींचा, हंगाम सुरू होतो तेव्हा दोघं मिळून आठवडाभर एक घ्या, थंडी आणि पाऊस असतानाच, उन्हाळ्यातली सगळ्यांनाच आवडते. त्यानंतरही बायको हो म्हणाली तर बोटी बघायला लाग, बोटीच्या किमतीचा निदान दहावा हिस्सा हातात वेगळा ठेव, आणि बयाणा देताना सर्व्हे समाधानकारक आला तरच व्यवहार असं लिहून घे. रिपोर्ट आला की मला पाठव, जाडीच्या आकड्यांचं पान आधी बघू.