‘ॲक्चुअली’ लिहिताना कुणाचा समज खोडताय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परदेशातल्या सहकाऱ्याने सांगितलं, की तुमचे मेल जरा भांडखोर वाटतात, कारण बरीच वाक्यं ‘ॲक्चुअली’ने सुरू होतात. त्याजागी ‘इन फॅक्ट’ किंवा ‘रिअली’ टाकलं तर चालेल का, आणि ‘सपोझेडली’, ‘अपॅरंटली’, ‘ऑस्टेन्सिबली’ या मंडळींत नेमका फरक काय, असं तुम्ही विचारलंय.

नुसता शब्द बदलून भागणार नाही, कारण हे सगळे एकाच कुळातले आहेत. या कुळातला कुठलाही शब्द वाक्यात आला, की वाक्य एकाच वेळी दोन गोष्टी सांगायला लागतं. एक, वस्तुस्थिती काय आहे. दुसरी, कुणाचा तरी समज त्याहून वेगळा आहे. पहिली गोष्ट लिहिणाऱ्याला दिसते. दुसरी बहुतेक वेळा त्याच्या लक्षातही येत नाही, आणि वाचणाऱ्याला टोचते ती नेमकी तीच. म्हणून शब्द निवडण्याआधी स्वतःला विचारायचं: मी कुणाचा समज खोडतोय, आणि तो समज वाचणाऱ्याला ठाऊक आहे का?

‘ॲक्चुअली’ जिथे चपखल बसतो असं वाक्य बघा: ‘मर्क्युरी इज क्लोझर टु द सन, बट व्हीनस इज ॲक्चुअली हॉटर.’ सूर्याच्या जवळचा ग्रह जास्त तापलेला असणार, असं कुणालाही वाटेल. पण शुक्राच्या दाट वातावरणात उष्णता अडकून राहते आणि त्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस असतं, बुधापेक्षा जास्त. इथे ‘ॲक्चुअली’ वाचकाला सांगतो, की तुम्हाला काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. दुसरं वाक्य: ‘द हंड्रेड इयर्स वॉर ॲक्चुअली लास्टेड वन हंड्रेड अँड सिक्स्टीन इयर्स.’ हे युद्ध १३३७ ते १४५३ चाललं. इथला गैरसमज युद्धाच्या नावातच आहे, त्यामुळे तो वेगळा सांगावा लागत नाही.

आता ‘अ ट्रँगल ॲक्चुअली हॅज थ्री साइड्स’ असं कुणी लिहिलं तर? त्रिकोणाला चार बाजू असतात असं कुणीच म्हणत नव्हतं. वाचणारा क्षणभर थांबतो आणि विचारात पडतो, की असं कोण म्हणालं होतं, मी? खोडायला समज नसला, की हा शब्द एक समज स्वतःच उभा करतो आणि तो वाचणाऱ्याच्या गळ्यात घालतो. ‘युअर प्रेझेंटेशन वॉज ॲक्चुअली गुड’ ही दाद ऐकून माणूस खट्टू होतो तो यामुळेच. चांगलं झालं हे ऐकू येतं, पण वाईट होईल अशी अपेक्षा होती हेही ऐकू येतं. याच कारणाने कुणाच्याही कामाचं कौतुक करताना हा शब्द टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या मेलमध्ये नेमकं हेच होतंय. आपल्या बोलण्यातला ‘ॲक्चुअली’ आता इंग्रजी राहिलेलाच नाही. ‘ॲक्चुअली ना, मला जरा विचारायचं होतं’ असं आपण म्हणतो तेव्हा कुणाचा समज खोडत नसतो. ते ‘त्याचं काय आहे’सारखं आहे, बोलायला सुरुवात करण्याआधीचं घसा खाकरणं. उलट त्यात थोडा संकोच असतो, नम्रताच असते. तोच शब्द मेलमध्ये ‘ॲक्चुअली, आय सेंट द फाइल यस्टरडे’ असा गेला, की पलीकडचा वाचतो: फाइल मिळाली नाही असं तुम्ही म्हणताय ते चूक आहे, मी ती कालच पाठवली. तुम्ही मऊपणे सांगायला गेलात आणि पोचली ती फटकार. इंग्रजांच्या बोलण्यातही हा शब्द सौम्य होतो, विशेषतः वाक्याच्या शेवटी: ‘आय क्वाइट लाइक्ड इट, ॲक्चुअली.’ पण तिथे आवाजाचा चढउतार मदतीला असतो. मेलमध्ये तो नसतो. तेव्हा उपाय अगदी साधा, शब्द काढून टाका: ‘आय सेंट द फाइल यस्टरडे. हिअर इट इज अगेन.’ पर्यायी शब्द शोधूच नका. तिथे ‘इन फॅक्ट’ घातलात तर फटकार आणखी कडक होईल.

तुमच्या टीममध्ये स्पॅनिश, फ्रेंच किंवा जर्मन बोलणारं कुणी असेल तर एक गोष्ट जाता जाता लक्षात ठेवा. स्पॅनिश ‘आक्तुआलमेंते’, फ्रेंच ‘आक्त्युएलमाँ’ आणि जर्मन ‘आक्तुएल’ यांचा अर्थ ‘सध्या’ असा आहे. त्यांच्यापैकी कुणी ‘वी आर ॲक्चुअली वर्किंग ऑन इट’ लिहिलं, तर ते चिडून नव्हे, काम सध्या चालू आहे एवढंच सांगत असण्याची बरीच शक्यता असते.

शब्दाची जागा हा भाग शाळेत फारसा कुणी शिकवत नाही, आणि गोंधळ तर तिथेच जास्त होतो. ‘आय डोंट रिअली लाइक इट’ म्हणजे मला ते तितकंसं आवडत नाही. ‘आय रिअली डोंट लाइक इट’ म्हणजे मला ते अजिबात आवडत नाही. शब्द तेच, फक्त नकार कुणाच्या आधी आला ते बदललं. पहिल्यात नकार ‘रिअली’वर पडतो आणि तो सौम्य होतो, दुसऱ्यात ‘रिअली’ नकारावर पडतो आणि त्याला धार चढते. ‘आय डिडंट ॲक्चुअली सी इट’ यातही तीच गंमत आहे. त्याबद्दल ऐकलं असेल, अंदाज बांधला असेल, पण प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं नाही, असा त्याचा अर्थ. साक्षीदाराच्या तोंडी हे वाक्य फार महत्त्वाचं ठरतं. आणि हाच शब्द वाक्याच्या सुरुवातीला स्वल्पविरामासह आला, तर तो एका क्रियापदाला चिकटत नाही, समोरच्याच्या सगळ्या बोलण्याला उत्तर देतो. म्हणून सुरुवातीचा ‘ॲक्चुअली’ सगळ्यात जास्त टोचतो आणि मधला सगळ्यात कमी. ठेवायचाच असेल तर मध्ये ठेवा.

‘इन फॅक्ट’ला दोन नोकऱ्या आहेत. एक खोडण्याची: ‘पीपल सपोज दॅट बॅट्स आर ब्लाइंड; इन फॅक्ट, दे कॅन सी.’ दुसरी चढत्या भाजणीची, म्हणजे आधी सांगितलं त्याहून पुढचं सांगण्याची: ‘इट वॉज वॉर्म; इन फॅक्ट, इट वॉज हॉट.’ दुसऱ्या वाक्यात काहीच खोडलेलं नाही, उलट ठासून सांगितलंय. मराठीत पहिल्याला ‘प्रत्यक्षात’ आणि दुसऱ्याला ‘किंबहुना’ म्हणता येईल. ‘ॲक्चुअली’ हे दुसरं काम तितक्या सहज करत नाही. वर दिलेल्या दोन्ही वाक्यांत अर्धविराम मुद्दाम दिला आहे. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडून मध्ये ‘इन फॅक्ट’ घालणं लेखी इंग्रजीत चूक धरतात. पूर्णविराम दिलात तरी चालेल. ‘ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट’ हे त्याचंच लांबलचक भावंड. बोलताना ठीक आहे, मेलमध्ये जागा खातं.

आता ‘सपोझेडली’ आणि कंपनी. यांची दिशा उलटी. ‘ॲक्चुअली’ वस्तुस्थितीवर बोट ठेवतो, तर हे शब्द समजावर बोट ठेवतात आणि खरं काय ते सांगतात किंवा सांगतही नाहीत. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे ‘म्हणे’ आहे. ‘तो म्हणे नोकरी सोडून गेला.’ ही माहिती माझी नाही, कानावर आलेली आहे, हे एका शब्दात सांगून झालं. तुर्की भाषेत हेच काम क्रियापदाला लागणारा ‘मिश’ हा प्रत्यय करतो. इंग्रजीत तसं एकच हत्यार नाही. आपला ‘म्हणे’ नुसती बातमी सांगताना वेगळा वाजतो आणि टोमणा मारताना वेगळा, फरक सगळा सुरात. इंग्रजीने ते सूर वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिलेत.

साधी ऐकीव बातमी असेल, आणि ती बहुधा खरीच असावी असं वाटत असेल, तर ‘अपॅरंटली’: ‘अपॅरंटली, ही हॅज लेफ्ट द जॉब.’ तीच बातमी वृत्तपत्री सुरात आणि हात झटकून सांगायची तर ‘रिपोर्टेडली’. माझा फारसा विश्वास नाही हे कळू द्यायचं असेल तर ‘सपोझेडली’: ‘ही इज सपोझेडली ॲन एक्स्पर्ट.’ हे वाक्य ज्याच्याबद्दल आहे त्याच्या कानावर गेलं तर तो दुखावेल, हे लक्षात ठेवूनच लिहा. अनेक जण वरिष्ठांना ‘द मीटिंग इज सपोझेडली ॲट फोर’ असं लिहितात. त्यांना म्हणायचं असतं ‘चारला आहे असं कळलंय’, पण वाचणाऱ्याला वाटतं ‘चारला आहे म्हणे, बघू या होते का’. तिथे ‘आय अंडरस्टँड द मीटिंग इज ॲट फोर’ बरं. उच्चाराचंही बघून घ्या. ‘सपोझ्ड’ दोन अवयवांत संपतो, पण ‘ली’ लागल्यावर ‘स-पो-झिड-ली’ असे चार होतात. ‘अलेज्ड’चंही तसंच, ‘अ-ले-जिड-ली’. काही जण ‘सपोझेबली’ म्हणतात. तो शब्द आहे, पण अर्थ वेगळा, ‘कल्पना करता येईल असा’. त्याच्या वाटेला जाऊ नका.

‘प्रिझ्युमेबली’ मात्र या गटात चुकून ढकलला जातो. ‘सपोझेडली’तला समज दुसऱ्यांचा, आणि मला तो पटलेला नाही. ‘प्रिझ्युमेबली’तला समज माझाच, आणि तो मला पटतो. ‘शी इज प्रिझ्युमेबली ॲट होम’ म्हणजे ती घरीच असणार. ‘शी इज सपोझेडली ॲट होम’ म्हणजे ती घरी आहे असं सांगण्यात येतंय, पण माझा विश्वास नाही. एका वाक्यात साधा अंदाज आहे आणि दुसऱ्यात ती खोटं बोलत असल्याचा संशय. ही अदलाबदल जपून करावी.

‘अलेजेडली’ फक्त आरोपांसाठी ठेवा. ‘ही अलेजेडली वन द प्राइझ’ असं लिहिलं तर बक्षीस मिळवणं हाच गुन्हा वाटायला लागतो. वृत्तपत्रं तो शब्द सावधगिरीने वापरतात, आपल्याकडे त्याजागी ‘कथित’ येतो. पण तो ढाल आहे असं मानू नये. इंग्लंडच्या बदनामीच्या कायद्यात दुसऱ्याने केलेला आरोप पुन्हा छापणारा तो आरोप स्वतः केल्यासारखाच जबाबदार धरला जातो, आणि आधी ‘अलेजेडली’ लावल्याने आपोआप सुटका होत नाही. त्याची जागाही नीट बघा. खिडकी फुटली हे सगळ्यांना दिसतंय. कुणी फोडली एवढाच वाद आहे. तेव्हा ‘ही अलेजेडली ब्रोक द विंडो’ बरोबर, ‘द अलेजेडली ब्रोकन विंडो’ हास्यास्पद.

‘ऑस्टेन्सिबली’ हा माझा आवडता, कारण तो हेतूबद्दल बोलतो. ‘ही केम ऑस्टेन्सिबली टु रिटर्न अ बुक.’ पुस्तक परत करायला आला, निदान दाखवलं तरी तसंच. खरं कारण पुढच्या वाक्यात येणार, असा वाचकाला इशारा. ते पुढचं वाक्य आलंच नाही, तर वाचक ताटकळत राहतो. ‘नॉमिनली’ म्हणजे नावापुरता: अधिकार कागदावर एकाकडे, कारभार दुसऱ्याच्या हाती.

‘टेक्निकली’ची गंमत वेगळी. तो नियमाने खरं आणि व्यवहाराने खरं यांत फट पाडतो. रशियातली ऑक्टोबर क्रांती आपल्या रोजच्या कॅलेंडरप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ची. तेव्हा ‘द ऑक्टोबर रेव्होल्यूशन ॲक्चुअली हॅपन्ड इन नोव्हेंबर’ म्हणता येतं. पण रशियात त्या वेळी ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि त्याप्रमाणे ती तारीख २५ ऑक्टोबर होती. म्हणजे नावही चूक नाही. कुणी ‘टेक्निकली, इट वॉज इन ऑक्टोबर’ असं उत्तर दिलं तर ते बरोबरच, फक्त असं उत्तर रोज देणाऱ्या माणसाला मित्र कमी असतात. ऑफिसच्या मेलमध्ये ‘टेक्निकली’ने सुरू होणारं वाक्य पळवाट शोधल्यासारखं वाटतं, मग ते कितीही खरं असो.

राहिला ‘रिअली’. तो खोडण्याच्या कामावरून जवळजवळ निवृत्त झालाय. ‘रिअली गुड’मध्ये कुणाचाही समज खोडलेला नसतो, तो ‘खूप’चं काम करतो. हे नवं नाही. ‘व्हेरी’ हा शब्दसुद्धा जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दावरून आला आणि झिजत झिजत नुसता ‘खूप’ झाला. ‘लिटरली’ त्याच वाटेवर बराच पुढे गेलाय. त्यामुळे समज आणि वस्तुस्थिती यांतला फरकच दाखवायचा असेल, तर ‘रिअली’वर भिस्त ठेवू नका. अपवाद प्रश्नाचा आणि नकाराचा: ‘इज इट रिअली ट्रू?’ यात जुना अर्थ अजून शाबूत आहे.

जोड्या लावताना एक खबरदारी घ्या. ‘सपोझेडली’ने समज मांडला आणि पुढच्या वाक्यात ‘इन फॅक्ट’ने तो खोडला, की बांधणी पक्की होते: ‘द पनामा हॅट सपोझेडली कम्स फ्रॉम पनामा. इन फॅक्ट, इट कम्स फ्रॉम इक्वेडोर.’ पण तिथे ‘इन फॅक्ट, इट ॲक्चुअली कम्स’ असं दोन-दोन शब्द लावले, की सूर हट्टी होतो. आणि ‘पनामा’ हे नाव स्वतःच समज सांगत असल्यामुळे पहिलं वाक्य गाळलं तरी ‘पनामा हॅट्स ॲक्चुअली कम फ्रॉम इक्वेडोर’ एवढ्याने काम भागतं. मी स्वतः बहुतेक वेळा हे दुसरं, आखूड वाक्यच निवडेन.