प्लॅन वाढवला, तरी नेट तुटतंच

प्रश्न : मालवणात आमच्या पतसंस्थेचं दुमजली कार्यालय आहे. चौदा संगणक, दोन प्रिंटर, आठ कॅमेरे. नेट सारखं तुटतं म्हणून १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन २०० चा केला, फरक शून्य. दिवसातून दोन-तीनदा सगळ्यांचं एकदम जातं. त्या वेळी प्रिंटही निघत नाहीत आणि स्विचचे (सगळ्या केबल जिथे जोडतात त्या डब्याचे) सगळे दिवे एकसाथ भराभर लुकलुकतात. लाईनवाले तपासून ‘आमच्याकडून ओके’ म्हणतात. काय करावं?

उत्तर : लाईनवाल्यांचं म्हणणं खरं असावं. प्रिंटर तुमच्याच इमारतीत आहे, छापायला त्याला इंटरनेट लागत नाही. तोही नेमका त्याच वेळी सापडेनासा होतो, म्हणजे दोष आतल्या वायरिंगमध्ये आहे. वाढवलेल्या प्लॅनचे पैसे वाचवा, पुन्हा १०० वर या.

दिव्यांच्या वर्णनावरून हा जवळजवळ नक्की लूप आहे. स्विचमधून निघालेली वाट कुठून तरी फिरून त्याच स्विचला येऊन मिळते आहे. ‘अमुक आयपी (जाळ्यातला पत्ता) कोणाचा?’ अशी विचारणा संगणक एकदम सगळ्यांना करतो, तिला ब्रॉडकास्ट म्हणतात. ती ज्या पोर्टावर (केबल खोचायच्या खाचेवर) आली ते सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर स्विच ती पाठवतो. लूप असला की ती परत येते आणि स्विच ती पुन्हा सगळीकडे सोडतो. आयपी पॅकेटने किती टप्पे जायचं याला मर्यादा असते, विचारणा ज्यातून जाते त्या इथरनेट फ्रेमला (केबलवरच्या माहितीच्या गठ्ठ्याला) तशी काहीच नसते. त्यामुळे ती विचारणा संपत नाही, वाढतच जाते, आणि काही सेकंदांत सगळी पोर्टं भरून जातात.

लूप कायमचा असता तर नेट कधी चाललंच नसतं. तुमचा येतो-जातो, म्हणून आधी दोन जागा बघा. वरच्या मजल्यावर वाय-फायचा रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारा डबा) लावलाय आणि त्याला केबलही दिली आहे का? तसं असेल तर त्याच्याकडे जायला केबल आणि वाय-फाय अशा दोन वाटा झाल्या. त्याचा वाय-फाय जुळला की सगळं ठप्प, तुटला की सुरळीत. दुसरी जागा टेबलाखालच्या पाच पोर्टांच्या छोट्या स्विचची. लोंबणारी मोकळी केबल दिसली की कोणीतरी चांगल्या हेतूनेच ती रिकाम्या पोर्टात खोचून ठेवतं.

शोधण्याआधी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा. हे कंटाळवाणं काम टाळू नका, पुढचं सगळं त्यावर आहे. मग पुढच्या वेळी नेट गेलं की राऊटरला हात लावू नका, नाहीतर तपासायला काही उरत नाही. मुख्य स्विचपाशी उभे राहा, वरच्या मजल्याची केबल काढा आणि दहा सेकंद थांबा. दिवे शांत झाले नाहीत तर ती तशीच बाहेर ठेवून पुढची काढा. लूप दोन असले तर काढून परत लावण्यात काहीच कळत नाही. ज्या केबलला दिवे थंडावले तिचं दुसरं टोक गाठा.

कायमचा उपाय म्हणून मुख्य स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) प्रकारचा घ्या. त्यात स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून जादा वाट बंद करणारी सोय), लूप प्रोटेक्शन आणि स्टॉर्म कंट्रोल (ब्रॉडकास्टच्या लोंढ्याला आळा) चालू करा. संगणकांची पोर्टं मात्र ‘एज’ (पुढे स्विच नसलेली, लगेच सुरू होणारी) म्हणून नोंदवा. जुन्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट सुरू व्हायला १५ अधिक १५ असे ३० सेकंद जातात, आणि तेवढ्यात आयपी मिळाला नाही म्हणून संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. जुना राऊटर स्विच म्हणून कुठे लावला असेल तर त्यातलं डीएचसीपी (आयपी वाटण्याची सोय) बंद करा, तोही चुकीचे पत्ते वाटत राहतो.

प्रश्न : रत्नागिरीत आमचं आंबा निर्यातीचं ऑफिस आहे. ५० एमबीपीएसच्या फायबरवर सकाळी नेट छान चालतं, दुपारनंतर व्हिडिओ कॉल तुटतात. प्रिंट मात्र व्यवस्थित निघतात.

उत्तर : तुमचं आतलं जाळं ठीक आहे. कॉल तुटत असताना संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा, एकीतून राऊटरला आणि दुसरीतून ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला) सतत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा. पहिलीत एखादा मिलिसेकंद आणि दुसरीत एरवीच्या ३०-४० चे ४००-५०० झाले, तर लाईन भरली आहे. दुसरीत नुसतंच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आऊट’ येतंय आणि फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा आहे, तर तक्रार लाईनवाल्यांकडे करा.

भरते ती बहुधा अपलोडची बाजू. डाउनलोड होतानाही प्रत्येक टप्प्याची पोच वर पाठवावी लागते, ती रांगेत अडकली की डाउनलोडही रखडतो. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये नेटवर्कच्या पानावर ‘सेंड’चा रकाना उतरत्या क्रमाने लावा, कोण ओततंय ते समोर येईल. पेट्यांचे फोटो फोनमधून क्लाऊडवर चढत असतात. विंडोजची अपडेट बाहेरच्या संगणकांना पुरवण्याची सोय चालू असेल तर ती डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये बंद करा. कॅमेरे असतील तर हिशेब करा : प्रत्येकी ४ एमबीपीएसचे आठ कॅमेरे मालकांनी घरून एकदम उघडले की ३२ एमबीपीएस गेले. फोनवर बघायला सब-स्ट्रीम (कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं हलकं चित्र) लावा. शेवटी राऊटरच्या क्यूओएसमध्ये (कोणाला आधी जागा द्यायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा, म्हणजे रांग राऊटरच्या ताब्यात राहते आणि कॉलला पुढे जागा मिळते.

प्रश्न : देवगडात ऑफिसपासून गोदामापर्यंत साठेक मीटर केबल बाहेरून नेली आहे. पाऊस लागला की गोदामाचं नेट तुटतं.

उत्तर : मर्यादा १०० मीटरची आहे, अंतराचा दोष नाही. गोदामातला प्लग काढून विजेरीच्या उजेडात त्याचे आठ पितळी-सोनेरी दात बघा. खाऱ्या दमट हवेत ते काळवंडतात, कडेला हिरवट थर धरतो. एक तार गंजली तरी नेट पूर्ण बंद पडेलच असं नाही : १ जीबीपीएसला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. म्हणून संगणकावर जोडणीचा वेग एकदम १०० दिसू लागला, तर जोडी गेली असं समजा.

तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. किनाऱ्यावर ती वापरूच नये, कितीही स्वस्त असली तरी. तांब्याची असेल तर चकचकीत तार दिसेपर्यंत केबल मागे कापा आणि नवा प्लग दाबा. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा : नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. केबल भिंतीत शिरते तिथे आधी खाली वळसा द्या, पाणी तिथेच गळून जाईल.

तरीही दोन इमारतींमध्ये फायबरच टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडून देणारा डबा). वळवाच्या पावसात तांब्याच्या केबलमधून विजेचा झटका दोन्हीकडचे स्विच घेऊन जातो. सर्ज प्रोटेक्टरला चांगलं अर्थिंग लागतं, आणि जांभ्याच्या कातळावर ते मिळणं अवघड. फायबर घेताना आधाराची पोलादी तार नसलेली मागा. तार असलेलीच मिळाली तर ती तार इमारतीबाहेरच कापून थांबवा, आत आणू नका.