लस आधी, लसीकरण नंतर

सिन्नरच्या एका पशुवैद्यक विद्यार्थिनीनं विचारलंय: गाईच्या लसीका पेशींवरच्या (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 'सीडी २५' या ॲक्टिव्हेशन मार्करला, म्हणजे पेशी चेतल्याचं दाखवणाऱ्या प्रथिनाला, मराठीत काय म्हणू? आणि लसीका हा शब्द लसीकरणावरूनच आलाय ना?

नाही! हे 'ना' ऐकून कान किटले. लसीका चरकसंहितेत आहे. त्वचेखालचं, जखमेत दिसणारं पाणी ते लसीका. धातू लस्, म्हणजे चिकटणं.

आता खरी गंमत. २०२२ मध्ये लम्पी, म्हणजे गाईंच्या अंगावर गाठी आणणारा रोग, आला तेव्हा आमच्या नात्यातल्या एका गोठ्यात म्हातारी म्हणाली, "गाठ फुटली, लस गळतीये." तितक्यात डॉक्टर आले, बाकीच्या गाईंना लस टोचायला. शेळ्यांच्या देवीची होती ती. एकाच दावणीला दोन लसी, आणि म्हातारीचीच जुनी. माणसांच्या देवीची लस पूर्वी वासराच्या अंगावरच्या फोडांतून काढत आणि इंग्रजही तिला लिम्फच (म्हणजे लसीकाच) म्हणत. फोडातली लस बाटलीत गेली, नाव तेच राहिलं. तिकडे लॅटिनमध्ये 'वाक्का' म्हणजे गाय, त्यावरून व्हॅक्सीन. जेनरनं १७९६ मध्ये टोचलं ते गवळणीच्या हातावरच्या गोस्तन देवीच्या फोडातलं. म्हणजे इंग्रजी शब्दात गाय आहे, मराठीत तिच्या फोडातलं पाणी. आपला शब्द जास्त प्रामाणिक, असं माझं ठाम मत.

'लसीकरण' मात्र मला खटकतं. शुद्धीकरण म्हणजे शुद्ध नसलेलं शुद्ध करणं. त्या हिशेबानं गाईचं लसीकरण म्हणजे गाईचीच लस करणं! सरकारी फलकांवर आहे म्हणून शब्द बरोबर, असं सांगणाऱ्या पंडितांना माझा नमस्कार. 'लस टोचणं' असताना हे कशाला?

हां, मार्कर. 'चिन्हक' नको, 'बिल्ला'ही नको. कानातला बिल्ला कायमचा असतो. सीडी २५ म्हणजे इंटरल्युकिन-२ या पेशींमधल्या निरोप्या प्रथिनाच्या ग्राहीचा (निरोप झेलणाऱ्या रिसेप्टरचा) अल्फा भाग. पेशी निवांत असताना नावापुरता, चेतली की भराभर वर येतो. गाय माजावर आली की सोट (चिकट स्राव) टाकते, तसंच. साधं 'चेतल्याची खूण' लिहा. सीडी तशीच ठेवा, फक्त गाण्यांची नव्हे हे गुरुजींना सांगा.