यॅमलमध्ये अक्कल कोंबू नकोस

कोथरूड, पुणे

प्रिय मित्रा,

तुझा प्रोजेक्ट काल चाळला. कोड नेटका आहे, पण गिटहब ॲक्शन्सच्या वर्कफ्लोच्या यॅमल फाइलपाशी, म्हणजे कोड पुश झाला की कुठली कामं आपोआप करायची ते सांगणाऱ्या फाइलपाशी, माझं घोडं अडलं. डिपेंडन्सी, बिल्ड, टेस्ट, पॅकेजिंग, सगळं तिच्यातच भरलंयस. हिंजवडीहून ट्रॅफिक झेलत घरी आलेला कुणी रात्री तासभर तुझ्या कोडला हात लावणार. त्याची टेस्ट रनरवर, म्हणजे ही कामं चालवणाऱ्या मशीनवर, पडली, तर ती लॅपटॉपवर तशीच चालवून बघायची सोयच नाही. तो एकेक ओळ बदलून पुश करत बसेल आणि पुन्हा फिरकणार नाही.

तेव्हा बिल्ड, टेस्ट, लिंट (कोड न चालवताच त्यातल्या चुका शोधणं) यांच्या स्क्रिप्ट वेगळ्या काढून रिपॉझिटरीतच ठेव. यॅमलने मशीन मागावं, कोड चेकआउट करावा, स्क्रिप्टला हाक मारावी, बस. २०२० च्या अखेरीस ट्रॅव्हिस या अशाच दुसऱ्या सेवेने दर बदलले आणि कित्येक ओपन सोर्स प्रोजेक्टांना बिऱ्हाड हलवावं लागलं. असं उद्या तुझ्यावर आलं, तर वरची पातळ फाइल तेवढी नव्याने लिहायची.

आता तुझी टेस्टची पायरी बघ. 'मेक टेस्ट'चं आउटपुट तू लॉगसाठी पाइपने 'टी'कडे दिलंस, म्हणजे ते स्क्रीनवरही दाखवणाऱ्या आणि फाइलमध्येही लिहिणाऱ्या कमांडला जोडलंस. गिटहब ॲक्शन्समध्ये लिनक्स रनरवर शेल स्पष्ट लिहिलं नाही, तर बॅश नुसत्या एररएक्झिटवर (कमांड फेल झाली की थांब) चालतं. पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फेल, तर सगळंच फेल) लागत नाही. मग पाइपलाइनचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल, आणि 'टी' कशाला फेल होतंय? टेस्ट धडाधड पडतायत, वर हिरवी टिक! एररएक्झिट, नोअनसेट (किंमतच न दिलेला व्हेरिएबल वापरला तर चूक), पाइपफेल हे तिन्ही प्रत्येक बॅश स्क्रिप्टच्या डोक्यावर लाव.

फोर्कवरून, म्हणजे बाहेरच्याने केलेल्या तुझ्या रिपॉझिटरीच्या प्रतीवरून, आलेल्या पुल रिक्वेस्टला (बदल घ्यायच्या विनंतीला) सीक्रेट्स, म्हणजे पासवर्ड-किल्ल्या, मिळत नाहीत, म्हणून त्या किल्ल्या लागणारं रिलीजचं साइनिंग टेस्टच्या जॉबमध्ये नकोच. यावर 'पुल रिक्वेस्ट टार्गेट'चा, म्हणजे अशा विनंतीलाही सीक्रेट्स देणाऱ्या ट्रिगरचा, उपाय कुणी सुचवेल. बाहेरच्याचा कोड त्यात चालवलास, तर सीक्रेट्स त्याच्या हाती लागू शकतात. बाहेरच्या ॲक्शनही (वर्कफ्लोत वापरायचे दुसऱ्यांचे तयार तुकडे) टॅगवर नको, कारण ते नाव नंतर दुसऱ्या कोडकडे वळवता येतं; कमिटच्या पूर्ण हॅशवर, म्हणजे त्या नेमक्या कोडच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकावर, बांध. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स'च्या 'चेंज्ड-फाइल्स' या ॲक्शनचे टॅग हल्लेखोरांनी घातक कमिटकडे वळवले आणि काही रिपॉझिटरींचे सीक्रेट्स थेट बिल्ड लॉगमध्ये उमटले.

शनिवारी सकाळी घरी ये. तोवर टेस्टची स्क्रिप्ट तेवढी वेगळी काढून आण, लिंटचं मागाहून बघू. कॅशिंगला तर आत्ता हातच लावू नकोस.

तुझा,
काका